'जास्ती'ला इंग्रजीत इतके उपसर्ग कशाला? ओव्हर, हायपर, सुपर, सर... डोकं चालंना

झेरॉक्सवाला सेलू

नमस्कार मंडळी. प्रश्न इंग्रजीचा आहे, पण त्यापायी माझी गल्लीत चांगलीच शोभा झालीय. आधी ती सांगतो, मग प्रश्न.

सेलूत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, पोरांचे कास्ट सर्टिफिकेटचे अर्ज, सगळंच. अलीकडं एक नवीन काम वाढलंय. लॅबवाले रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, लोक मोबाईल घेऊन येतात अन् 'ह्याचा कागद काढून दे' म्हणतात. कागद निघाला की तो माझ्याच हातात परत देतात. 'काय लिहिलंय बघ बरं जरा.' मी साधा बी. कॉम. पण दुकानात कॉम्प्युटर असला की लोकांच्या लेखी माणूस तलाठी, वकील अन् डॉक्टर, तिन्ही एकदम होतो. आपल्यालाही ते बरं वाटतं, खोटं कशाला बोला.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या मावशी आल्या. थायरॉइडचा रिपोर्ट. टीएसएच नावाच्या ओळीसमोर ११.८, त्याच्या शेजारी ठळक 'एच', अन् नॉर्मलची मर्यादा चारच्या आसपास. मी एका नजरेत निकाल देऊन टाकला, "मावशी, तुमचं लईच वाढलंय. हायपर आहे, हायपर." हायपर म्हणजे जास्त, एवढं तर टीव्हीमुळं कुणालाही माहीत असतं.

मावशीचा भाचा परभणीला कॉलेजला आहे. त्यानं मोबाईलवर बघितलं अन् सांगितलं की हायपरवाल्यानं थायरॉक्सिनची गोळी खायची नसते, उलट त्रास होतो. झालं. डॉक्टरनं दिलेली गोळी मावशीनं नऊ दिवस कुंकवाच्या करंड्याशेजारी तशीच ठेवली. दहाव्या दिवशी दवाखान्यात गेल्या तर डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्हाला हायपो आहे, हायपर कुणी सांगितलं?" मावशी म्हणाल्या, "झेरॉक्सवाल्यानं." आता दुकानावरून जाताना रोज विचारतात, "काय डॉक्टर, बसलात का?" दूधवालासुद्धा डॉक्टर म्हणायलाय.

तेव्हापासून एका जुन्या उधारीच्या वहीत मागच्या पानांवर मी असले शब्द लिहायला लागलो. ओव्हरलोड हा उसाच्या ट्रॉलीवरून घेतला. ओव्हरफ्लो निम्न दुधना धरणाच्या बातमीवरून. ओव्हरड्यू बँकेच्या नोटिशीत होता, ती नोटीस माझीच, सोडा ते. ओव्हरस्मार्ट हे आमच्या वडलांचं माझ्याबद्दलचं मत. मग सुपरफास्ट, सुपरवायझर. सरचार्ज लाईटबिलावर. सरप्लस पेपरात. अल्ट्रा सिमेंटच्या गोणीवर पण आहे अन् सोनोग्राफीच्या कागदावर पण. हायपरटेन्शन, हायपरअ‍ॅसिडिटी तर आमच्या घरातच आहेत. दीड पान भरलं.

आता प्रश्न असा की, सगळ्यांचा अर्थ जर 'जास्त' तर एकच उपसर्ग ठेवून का भागवलं नाही? एकाच्या जागी दुसरा लावला तर चालतो का? ओव्हरटेन्शन का नाही, हायपरलोड का नाही? अन् ज्या माणसानं जास्तीला हायपर अन् कमीला हायपो असं नाव ठेवलं, त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं का?

पोट्टं नांदेडचं

भाऊ, हायपरमधला 'पर' म्हणजे पार वर. हायपोमधला 'पो' म्हणजे पोकळ. संपला विषय. एवढ्यासाठी एवढं पुराण?

सिस्टर अंबाजोगाई

पोकळवाली युक्ती वाईट नाही, पण झेरॉक्सवाले भाऊ, तुमची चूक उपसर्गाची नव्हतीच. तुम्ही ज्या आकड्याला हायपर म्हणालात तो आकडाच दुसऱ्याचा होता.

टीएसएच थायरॉइडमधून निघत नाही. मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची छोटीशी ग्रंथी असते, तिच्यातून निघतं, अन् त्याचं काम म्हणजे थायरॉइडला 'चल, कामाला लाग' म्हणून हुकूम सोडायचा. शेतात गडी काम करीना झाला की बांधावरून मालकाचा आवाज वाढतो का नाही? तुम्ही वाचलेला ११.८ हा मालकाचा आवाज. आवाज जास्त याचा अर्थ गडी बसलेला आहे, म्हणजे हायपो. हायपरमध्ये उलटं चित्र दिसतं. गडी असा सुटलेला असतो की मालक तोंड मिटून बसतो, टीएसएच पार तळाला जातं. तुमच्या कागदावरचा 'एच' हा हाय म्हणजे वाढलेला आकडा एवढंच सांगत होता. आजाराचं नाव त्यात नव्हतं.

बाकी हायपो-हायपरचा घोळ आम्हालाही नवीन नाही. अठरा वर्षं वॉर्डात काढली. फोनवर, त्यातही रात्री, मी हे दोन शब्द तोंडातून काढतच नाही. सरळ 'शुगर लो' किंवा 'शुगर हाय' अन् पुढं आकडा. शुगर ७० च्या खाली गेली की ती हायपो. पेशंटला घाम फुटतो, हात थरथरतात, त्याला तोंडात साखर हवी असते. तिथं पलीकडच्यानं हायपर ऐकून इन्सुलिनची सुई उचलली तर काय होईल ते मी लिहीत नाही.

हायपरटेन्शनचं तर विचारूच नका. बीपी १४०-९० च्या पुढं राहायला लागलं की फाईलवर तो शब्द येतो. मग आजोबा भांडतात, "मला कशाचंच टेन्शन नाही. दोन्ही पोरी दिल्या, कर्ज फिटलं. हायपरटेन्शन कुठून आलं?" तिथलं टेन्शन म्हणजे रक्तवाहिनीवरचा दाब, मनाचं नव्हे. कितीदा सांगितलं तरी पुढच्या खेपेला सुनेचं नाव घेतातच.

मावशींना म्हणावं, गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. अन् कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनाच विचारून. झेरॉक्सवाल्याला नाही.

उदगीरचे गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवली. आता नातू शिकवतो मला, मोबाईल. प्रश्न वाचून राहवलं नाही.

बाळा, तुझ्या वहीतले हे वेगवेगळे दिसणारे उपसर्ग बहुतेक एकाच घरचे आहेत. आपला 'वर' हा शब्द घे. संस्कृतात तो 'उपरि' होता, बोलून बोलून झिजला अन् 'वर' राहिला. हेच मूळ ग्रीक भाषेत 'हुपेर' झालं, त्याचं इंग्रजीत हायपर. लॅटिनमध्ये तेच सुपर. इंग्रजांच्या स्वतःच्या घरात तेच ओव्हर. अन् लॅटिनचं सुपर फ्रेंच लोकांच्या जिभेवर घासून जे अर्धं उरलं ते सर. चौघं भाऊ. हजारो वर्षांपूर्वी वाटण्या होऊन चार मुलखांत गेले अन् पुढं एकेक करून इंग्रजीच्या वाड्यात राहायला आले. इंग्रजीनं कुणालाच हाकललं नाही, फक्त प्रत्येकाला वेगळं काम लावून दिलं.

हायपोचं कोडंही इथंच सुटतं. ग्रीक हायपो अन् आपलं 'उप' एका मुळाचे. उपसरपंच, उपजिल्हाधिकारी यातलं उप. सरपंचाच्या खाली उपसरपंच, तसं हायपरच्या खाली हायपो. नांदेडच्या पोराचं 'पोकळ' लक्षात ठेवायला सोपं आहे, पण 'उप' खरं आहे. उपरि अन् उप हे आपल्याकडंही तसे जवळजवळच आहेत की. आपण गोंधळत नाही, कारण आपण त्यांच्यात वाढलो.

अल्ट्रा मात्र या भावकीतला नाही, शेजारचा आहे. त्याचा मूळ अर्थ 'पलीकडे'. अल्ट्राव्हायोलेट म्हणजे गडद जांभळं नव्हे. जांभळ्याच्या पलीकडचं, डोळ्याला न दिसणारं. आपल्या पुस्तकात त्याला अतिनील म्हणतात. अल्ट्रासाउंडचंही तसंच, फार मोठा आवाज नव्हे. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्याच्या पलीकडचा आवाज. म्हणून तर सोनोग्राफीच्या खोलीत कुणाच्या कानठळ्या बसत नाहीत.

आता गंमत बघायची असेल तर लातूर-मुंबई गाडीचं तिकीट काढ. सरासरी ताशी ५५ किलोमीटर धावली की ब्रॉडगेजवरची गाडी रेल्वेच्या लेखी सुपरफास्ट होते. ५५! आमचा जावई मोटारसायकलवर सुपरफास्ट आहे. असो. तर त्या वेगाबद्दल जे जास्तीचे पैसे घेतात तो सुपरफास्ट सरचार्ज. एकच लॅटिन शब्द दोनदा आला बघ, आधी अख्खा, मग झिजलेला. पहिल्यांदा गाडीची तारीफ करायला अन् दुसऱ्यांदा तुझ्या खिशात हात घालायला. सरचार्ज, सरटॅक्स, सरप्लस. हा धाकटा भाऊ हिशेबाच्या वहीत जास्त सापडतो. सरचार्जला आपल्या सरकारी मराठीत अधिभार म्हणतात, शब्दाला शब्द बसवलाय. अन् सुपरवायझर म्हणजे सुपर अधिक पाहणारा, वरून बघणारा. पाटबंधारे खात्यात जुन्या काळी ओव्हरसियर असायचा, तोही वरून बघणाराच. अधीक्षक हा शब्द फोड, अधि अधिक ईक्षक, पुन्हा तेच. तीन भाषा, एकच माणूस, अन् तिघांनाही मी कधी उन्हात उभं राहून बघताना पाहिलं नाही.

सरप्लसबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण तो शब्द मला लागलेला आहे. नोकरीची बारा वर्षं झाली होती. त्या वर्षी आमच्या शाळेचा पट घसरला, अर्धी पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून गेली. संचमान्यता झाली, म्हणजे पटावरून शिक्षक किती ते ठरलं, अन् यादीत माझं नाव आलं, 'अतिरिक्त शिक्षक'. इंग्रजी रकान्यात सरप्लस. समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत नेमणूक, होईपर्यंत चार महिने मी रोज शाळेत जाऊन बसायचो, तास नाही, वर्ग नाही, हजेरीला सही फक्त. बायको कुणाला सांगायची नाही. ज्या शाळेत मी प्रीफिक्स शिकवले त्याच शाळेत मी स्वतः प्रीफिक्स लागून बसलो होतो. तेव्हा शब्दकोश काढून बघितलं. सर म्हणजे वर, प्लस म्हणजे अधिक. जास्तीवर पुन्हा जास्त. अन् आपली मराठी बघ कशी आहे. जिल्ह्याच्या गावाला अतिरिक्त जिल्हाधिकारी असतात, त्यांना लाल दिव्याच्या काळात गाडी अन् केबिन होती. शब्द तोच, अतिरिक्त. त्यांच्या पाटीवर तो पद होता, माझ्या कपाळावर शिक्का. पुढं चाळीस किलोमीटरवरच्या वाडीवर नेमणूक मिळाली अन् तिथली पोरं इतकी गोड निघाली की मी तक्रार विसरलो. पण शब्द विसरलो नाही.

आणखी तीन शब्द सांगून थांबतो, वहीत लिहून घे.

पहिला सुपरफ्लुअस, म्हणजे अनावश्यक. सुपर अधिक वाहणे, वरून वाहून गेलेलं. आपल्याकडं अति अधिक सार, सार म्हणजे वाहणे, तो अतिसार. घडण तीच, पण इंग्रजीत भाषणाला म्हणतात अन् आपण पोटाला. दोन्हीकडं ऐकणाऱ्याचेच हाल.

दुसरा आउटरेज. सगळ्यांना वाटतं आउट अधिक रेज, बाहेर पडलेला राग. मीही वीस वर्षं तसंच शिकवलं, पोरांची माफी मागायला हवी. तो आहे अल्ट्रापासून फ्रेंचांनी बनवलेला शब्द, मर्यादेपलीकडचं वागणं. म्हणजे आपला अत्याचार. अति अधिक आचार.

तिसरा माझा लाडका, एक्झॉर्बिटंट. भाव फारच जास्त सांगितला की म्हणतात. यात 'एक्स' म्हणजे बाहेर अन् 'ऑर्बिटा' म्हणजे गाडीच्या चाकानं पडलेली वाट. बैलगाडीची चाकोरी रे! चाकोरीबाहेर गेलेला. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाकोरी सोडली की गाडी आसापर्यंत रुतायची. रोमन लोकांच्या गाड्याही रुतत असणार, त्याशिवाय असा शब्द सुचत नाही.

झेरॉक्सवाला सेलू

गुरुजी, पाया पडतो. वहीचं पान संपलं, कव्हरवर लिहिलं. सिस्टर, तुमचा गडी-मालकाचा दाखला मावशीला ऐकवला. म्हणल्या, "म्हणजे माझा गडी आळशी अन् तू त्याला तालेवार करून सोडला."

पण माझं अदलाबदलीचं राहिलं. ओव्हरटेन्शन का नाही?

उदगीरचे गुरुजी

राहिलंच की. म्हातारपणी असं होतं, सरप्लस निघाला की गाडी त्याच खड्ड्यात जाते.

एकच शब्द घेऊ, सेन्सिटिव्ह. त्याला चौघांतले तीन भाऊ लावता येतात. ओव्हरसेन्सिटिव्ह म्हटलं की त्यात नाराजी आली. 'जरा बोललं की रुसते' असं सासू म्हणते ते. हायपरसेन्सिटिव्ह म्हटलं की बोलणारा डॉक्टर, पेनिसिलिन सोसत नाही वगैरे. यात कुणाचा दोष नाही, नोंद आहे. सुपरसेन्सिटिव्ह म्हटलं की बोलणारा यंत्र विकणारा. 'आमचा काटा अर्धा ग्रॅमसुद्धा दाखवतो.' तिघंही जास्तच म्हणतायत. पण एक कुरकुरतोय, एक तपासतोय, एक विकतोय. म्हणून उपसर्ग निवडताना किती जास्त हे बघू नको. कोण बोलतंय ते बघ.

ओव्हरमध्ये बहुतेक वेळा हवं होतं त्यापेक्षा जास्त, म्हणजे बिघडलं असा सूर असतो. ओव्हरलोड, ओव्हरकुक, ओव्हरअ‍ॅक्टिंग. आपल्या पोरांनी तर तो उपसर्ग सोलून नुसताच वापरायला घेतलाय, 'लई ओव्हर करू नको.' व्याकरणाच्या पुस्तकात हे बसणार नाही, पण अर्थ त्यांना बरोब्बर कळलाय. ओव्हरस्मार्ट हाही मुख्यतः आपल्याकडचाच शब्द. अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो ही म्हण ज्यांच्या कानावर होती, त्यांनी तो इंग्रजीत पाडून घेतला असं माझं मत.

पण सावध राहा, प्रत्येक ओव्हर जास्तीचा नसतो. ओव्हरब्रिज म्हणजे गरजेपेक्षा जास्त झालेला पूल नव्हे. तसं काही आपल्या भागात व्हायची शक्यताही नाही. ओव्हरकोट, ओव्हरटेक यात नुसतं वर किंवा पुढं एवढंच. अन् पाहण्याचे दोन शब्द तर एकमेकांच्या विरुद्ध तोंड करून बसलेत. ओव्हरसी म्हणजे देखरेख, ओव्हरलुक म्हणजे काणाडोळा. दोन्ही 'वरून बघणे' यातूनच आले. त्यातून होणारा ओव्हरसाइट तर दोन्ही अर्थांनी चालतो, देखरेखही अन् नजरचूकही. खात्यात काम केलेल्याला यात विरोधाभास वाटणार नाही.

विज्ञानात हायपर-सुपरची चढण लावून ठेवली आहे. आवाजापेक्षा वेगानं गेलं की सुपरसॉनिक, आवाजाच्या पाचपट झालं की हायपरसॉनिक. दुकानांचंही तसंच, सुपरमार्केटपेक्षा हायपरमार्केट मोठं. लॅटिनपेक्षा ग्रीक भारी पडतं, कारण ते कमी लोकांना कळतं. डॉक्टरांनी बीपीला ग्रीक हायपर का लावला याचं उत्तर थोडंफार तेच. ओव्हरटेन्शन म्हटलं असतं तर आजारापेक्षा तक्रार वाटली असती.

हायपरबोल असा शब्द दिसला तर तसा वाचू नको. हायपर्बली. आम्ही दहावीला अतिशयोक्ती अलंकार शिकवताना सांगायचो. हायपर अधिक फेकणे, निशाणाच्या वरून गेलेली फेक. ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलेल्याला जास्त सांगावं लागत नाही. पाखरू इथं, दगड शेजारच्या वावरात, अन् शेजारी शिव्या देत बांधावर.

काळी माती भूम

गुरुजी, मी सहायक कृषी अधिकारी आहे, पूर्वी ज्याला कृषी सहायक म्हणायचे ते. 'कोण बोलतंय' हे वाचलं अन् म्हटलं, अतिवृष्टीबद्दल लिहावंच. तुमच्या पुस्तकात अति म्हणजे काय ते असेल. आमच्याकडं अति म्हणजे ६५.

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याच्यावर पाऊस पडला की अतिवृष्टी, मग पंचनाम्याचा विषय निघतो. हवामान खात्याची पट्टी वेगळी. त्यांच्याकडं ६४.५ पासून नुसता हेवी, म्हणजे जोरदार. ११५.६ पासून व्हेरी हेवी, अन् २०४.४ च्या वर गेला की एक्स्ट्रीमली हेवी. म्हणजे जो पाऊस आमच्या कागदावर 'अति' असतो तो त्यांच्या कागदावर फक्त 'जोरदार' असतो. अन् हंगामाच्या हिशेबात त्यांचा एक्सेस म्हणजे सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के जास्त. ६० टक्क्यांच्या पुढं लार्ज एक्सेस. गुरुजी, हा एक्सेससुद्धा तुमच्यातलाच ना? बाहेर पाऊल टाकणे, म्हणजे आपलं अतिक्रमण. नदीनं केलं तर पूर म्हणायचं, माणसानं गायरानात केलं तर गुन्हा.

एका शेतकऱ्याचं सोयाबीन गुडघाभर पाण्यात होतं. मंडळाच्या पर्जन्यमापकात आकडा आला ६३. यंत्र त्यांच्या शिवारापासून लांब, ढग फुटला यांच्या वावरात. ते माझ्यापुढं वही धरून म्हणाले, "ताई, तेवढं दोन मिलिमीटर तुमच्याकडून घाला की. एवढं पाणी आहे इथं, मोजून घ्या." मी काय बोलणार? शेंगा पाण्यातच फुटून मोड आले होते.

२०२५ च्या सप्टेंबरात मात्र कुणाला मापकाकडं बघावं लागलं नाही. आमच्या भूम-परांड्याकडं गावंच्या गावं पाण्यात होती. याच मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते मी कॉलेजात असताना बघितलंय. आमच्याकडं हायपो अन् हायपर आलटून पालटून असतात, मधलं नॉर्मल कुणी बघितलं असेल तर सांगा.

उदगीरचे गुरुजी

ताई, एक्सेस अन् अतिक्रमण ही जोडी मला तीस वर्षांत सुचली नाही. घेतली.

तुमच्या पुरावरून एक राहिलेला शब्द देतो. सराउंड, म्हणजे वेढणे. आजचं स्पेलिंग बघून त्यात राउंड आहे असं वाटतं, गोल फिरून वेढलं असं. पण तो सर अधिक राउंड नव्हेच. लॅटिनमध्ये 'उंडा' म्हणजे लाट. त्यावरून सुपर-उंडारे, वरून पाणी चढणे, बुडवून टाकणे. सराउंडचा पहिला अर्थ पुराच्या पाण्यानं भरून जाणं हा होता. राउंडसारखा ऐकू येतो म्हणून पुढं अर्थ वेढ्याकडं सरकला. तुमच्या भागात त्या सप्टेंबरात दोन्ही अर्थ एकदमच खरे झाले म्हणायचे.

पोट्टं नांदेडचं

गुरुजी, मी पोकळ मागं घेतो. उप फिक्स.

झेरॉक्सवाला सेलू

सगळ्यांचे आभार. वही आता उधारीची राहिली नाही, पुढून पण शब्दच लिहायलोय. ज्यांची उधारी होती ते खूश आहेत.

एक काम केलं. सिस्टरांचं ऐकून दुकानात पाटी लावली. मोठ्या अक्षरात, लॅमिनेशन करून: 'रिपोर्टची प्रिंट मिळेल. रिपोर्ट वाचून मिळणार नाही.'

मावशींची गोळी चालू आहे, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलंय. काल आल्या होत्या, पाटीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, चष्मा वर केला, खाली केला. मग मला म्हणल्या, "डॉक्टर, हे काय लिहिलंय, वाच बरं जरा."